फिद्दाचा मोर

शनिवार, २२ जून १९८५

पुन्हा तिकडेच गर्दी! सकाळपासून भिंतीपलीकडून खुरप्यांची करकर आणि हसण्याचे आवाज. मातीत हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

पाखरू सापडलंय म्हणे. जिवंत नव्हे — रंगीत खड्यांचं, जमिनीत बसवलेलं. फिद्दा गोठ्यात शेळीसाठी खुंटी ठोकायला गेली आणि खुंटीखालून डोळा निघाला! आधी डोळा, मग चोच, मग मान. गुपचूप वर माती लोटायची ना? पण नाही. गावप्रमुखाला, मुख्तारला, जाऊन सांगितलं, मुख्तारने शहरात कळवलं, आणि आता अम्मानहून डॉक्टर लबीब आलेत. औषधाचे डॉक्टर नव्हेत, जुन्या दगडांचे. बरोबर शिकणारी पोरंपोरी, छत्र्या, चाळण्या, बादल्या. आणि हे सगळं वऱ्हाड उतरलंय कुठे? तर माझ्या जावेच्या गोठ्यात!

आमच्या ह्या कफ्र सफर्जल गावाला आजवर कोण येत होतं? तेलाचे व्यापारी आणि रस्ता चुकलेले.

आणि घर कुणाचं? सासऱ्यांचं. ती एकच मोठी खोली होती. सासरे गेल्यावर दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. अलीकडची आमची कोठी, पलीकडे धाकट्या दिराचा, नव्वाफचा गोठा. नव्वाफ गेला, मूलबाळ नाही, मागे फिद्दा राहिली. वाटणीच्या दिवशी भिंत चार हात पलीकडे सरकली असती तर ते पाखरू माझ्या कोठीत आलं असतं! दोरी माझ्याच नवऱ्याने धरली होती. मुफलिहला आयुष्यात एक गोष्ट धड मोजता आलेली नाही.

माझ्या मुलाची, आकिफची, शाळेतली कोरी वही सापडली, तिच्यात लिहितेय. कुणाला बोलून दाखवलं तर म्हणतील, हिला फिद्दाचं बघवत नाही. नाहीच बघवत! वहीपुढे कसली चोरी.

मंगळवार, २५ जून

मोर आहे तो. डॉक्टर म्हणतात, चौदाशे वर्षांचा. रोमी राजांच्या काळी इथे प्रार्थनाघर होतं, त्याची फरशी.

शेजारीण विचारते, "पिसारा पाहिलास का गं, उम्म आकिफ?" पाहिला. मिटलेला आहे. फुलवलेलासुद्धा नाही.

डॉक्टर तिला 'सित्त फिद्दा' म्हणतात. बाईसाहेब! इतकी वर्षं ती नुसती फिद्दा होती. मुलगा नाही म्हणून कुणाची उम्म, कुणाची आईसुद्धा नाही. आता बाईसाहेब! 'सित्त फिद्दा, जरा पाणी मिळेल का', 'सित्त फिद्दा, इथे पाय देऊ नका हं'. स्वतःच्या गोठ्यात पाय कुठे द्यायचा ते विचारते, आणि तोंडावर हसू.

गुरुवार, २७ जून

आज माझ्या तबूनवरच्या, मातीच्या भट्टीतल्या, रोट्या पाठवल्या तिकडे. ती मंडळी दुपारी फिद्दाच्या अंगणात जेवतात, आणि फिद्दाकडे तबून कुठाय? आमच्या गल्लीच्या सगळ्या बायका माझ्याच तबूनवर रोट्या भाजतात. पहिलं पीठ माझं, मग शेजारणींचं, शेवटी फिद्दाचं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून असंच चालत आलंय.

आणि माझी रोटी म्हणजे — आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये, पण इथे ऐकतंय कोण! बाहेर सोनेरी, आत कापूस. तबूनच्या तळाशी तापलेले खडे असतात, त्यांच्यावर रोटी टाकली की तिला खळगे पडतात. लोकांच्या रोटीला गोल, वेडेवाकडे. माझ्या रोटीला बारीक, चौकोनी, आखून काढल्यासारखे. तेल काय थांबतं त्यांत! लग्न असो की मयत, रोट्या हव्यात तर उम्म आकिफच्या.

तर अशा त्या रोट्या मी टोपलीत रचल्या, वर धुतलेलं फडकं घातलं आणि पाठवल्या. म्हटलं, डॉक्टरांना कळू दे भिंतीच्या अलीकडेही माणसं राहतात. मग कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, खाली बघते तर काय — फिद्दा रोट्या फाडतेय! टराटरा! घासाघासाएवढे तुकडे करून परातीत ढीग. कोंबड्यांना टाकतात तसे! एक अख्खी रोटी त्या माणसापुढे जाऊ दिली नाही.

जळते मेली. अख्खी रोटी बघितली असती तर त्यांनी विचारलं असतं ना, कुणाच्या हातची म्हणून.

शुक्रवार, २८ जून

आजही फाडल्या. मी मुद्दाम गच्चीवर गेले होते.

मुफलिह जेवताना म्हणतो, "पोटात दुखतंय ना तुझ्या? मरमिय्याचा पाला उकळून पी." आणि स्वतःच्याच विनोदावर हसतो. माझ्या पोटाचं मी बघेन. तू दोरी नीट धरायची होतीस.

सोमवार, १ जुलै

वर्तमानपत्रवाला येऊन गेला. त्याच्या आधी फिद्दा दारात. "तुझी ती काळी भरतकामाची शाल दे ना एवढ्यापुरती, उम्म आकिफ. माझी अगदी विटलीय." दिली. नाही म्हटलं असतं तर गावभर झालं असतं.

आता छापून येणार — फिद्दा, फिद्दाचा मोर, आणि माझी शाल. ती शाल मी दोन हिवाळे बसून भरलीय. शालीखाली नाव थोडंच छापतात!

परत केली तर शालीला गोठ्याची माती. झटकलीसुद्धा नव्हती. नंतर बघितलं तर एका टोकाला उसवलेला टाका तिने भरून दिलाय. कुणी सांगितला होता आगाऊपणा?

गुरुवार, ४ जुलै

काल मदाफ्यात पुरुषांच्या बैठकीत डॉक्टरांनी आमच्या गावाचा इतिहास सांगितला. मुफलिहने घरी येऊन मला सांगितला, अर्धा विसरून.

मुख्तार म्हणाला, "आमचे पणजोबा इथे आले तेव्हा कोल्ह्यांशिवाय कुणी नव्हतं." हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो. डॉक्टर म्हणाले, "मग तुमच्या विहिरीच्या कठड्याला दोरांच्या एवढ्या खोल खाचा कुणी पाडल्या? कोल्ह्यांनी?" सगळे हसले. मुख्तार तापला. "म्हणजे आम्ही उपटसुंभ?" डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उपटसुंभ कसे? ते ज्या जैतुनाचं तेल काढत होते, त्याच टेकडीवरचं तुम्ही काढता. तुमच्या मशिदीची पायरी त्यांच्या दाराची चौकट आहे. पडलेल्या घराचा दगड उचलायचा आणि पुढचं घर बांधायचं. गावं अशीच टिकतात, मुख्तार."

इथवर छान. मग म्हणे ते म्हणाले, "आणि सित्त फिद्दांनी ती माती परत लोटली असती तर हे कुणालाच कळलं नसतं." पुरुषांच्या बैठकीत बाईचं नाव! आणि कुणी हूं की चूं केलं नाही. उलट मान डोलावली. त्या बैठकीत माझ्या रोट्या किती वर्षं जातायत, माझं नाव एकदा नाही गेलं.

शनिवार, ६ जुलै

आले! डॉक्टर स्वतः माझ्या दारात आले!

टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "उम्म आकिफ, मोर ज्याच्याकडे तोंड करून उभा आहे तो कुंभ सापडलाय. त्यातून द्राक्षाची वेल निघालीय. पण कुंभ अर्धाच आहे. उरलेला तुमच्या भिंतीखालून इकडे येतो." मी म्हटलं, "मग?" म्हणाले, "असे मोर नेहमी जोडीने असतात. कुंभाच्या दोन अंगांना दोन. दुसरा तुमच्या कोठीखाली असणार. उकरू देणार का?"

उकरू देणार का! मी मुफलिहला विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, "उद्या कोठी रिकामी करते, परवापासून या."

तिचा पिसारा मिटलेला. माझा फुललेला असणार, बघालच. ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग असतो.

रविवार, ७ जुलै

दिवसभर कोठी रिकामी केली. तेलाचे रांजण, गव्हाची पोती, अंजिरांच्या माळा, सगळं अंगणात. कंबर गेली, पण जीव हलका!

तबूनवर सगळ्या जमल्या होत्या. सांगितलं सगळ्यांना. जरा रंगवूनच सांगितलं. फिद्दा कोपऱ्यात आपल्या पिठावर ओलं फडकं घालून बसली होती, पाळी यायची वाट बघत. मध्येच म्हणाली, "राहू दे ना, उम्म आकिफ. बसतं घर कशाला उकरायचं? माझा गोठा गेला तेवढं पुरे झालं."

लागली मिरची! मी म्हटलं, "का गं? गावात एकच मोर असावा, असा कायदा आहे का?" बायका फिस्सकन हसल्या. ती गप्प बसली. असल्या वेळी गप्प बसणारी बाई मला मुळीच आवडत नाही. भांडली तर भांडता तरी येतं.

मंगळवार, ९ जुलै

नाही. काही नाही तिथे.

वरचा शेणामातीचा थर काढला. खाली माती. तिच्याखाली चुना. आणि चुन्यात नुसते खळगे! बारीक बारीक, चौकोनी, ओळीने. अख्ख्या कोठीभर. मोराचा आकार दिसतोय त्या खळग्यांच्या ओळींतून — मान, पाठ, शेपूट. पण खडा एक नाही.

डॉक्टर गुडघ्यांवर बसून राहिले. मग म्हणाले, "एकेक खडा उचकटून नेलाय कुणीतरी. घाईत नाही, सवडीने. आणि फार जुनी गोष्ट नाही ही." मी विचारलं, "आता काही होणार नाही?" म्हणाले, "खडे असते तर झालं असतं. समोरचा मोर आहेच. त्याच्याकडे बघून उलटा बसवला असता, खळगे तयारच आहेत. पण खडेच नाहीत."

दारात सगळी गल्ली उभी. कुणीतरी म्हणालं, "उम्म आकिफचा मोर उडाला!" काय हसल्या! रांजण अंगणात, पोती अंगणात, माझं नाकही अंगणात.

फिद्दा तेवढी हसली नाही. ती कशाला हसेल? जिंकणाऱ्याला हसावं लागत नाही.

बुधवार, १० जुलै

लक्ष नव्हतं. रोट्या करपल्या. माझ्या!

शुक्रवार, १२ जुलै

लिहून ठेवण्यासारखं नाही. तरी लिहिते.

परवा करपलेलं पीठ तबूनच्या खड्यांना चिकटून बसलं होतं. आज सुट्टी, म्हणून विस्तव बाजूला ओढला, निवू दिलं आणि खडे घमेल्यात काढून उन्हात नेले, राखेने घासायला. वर्षानुवर्षांची काजळी. एक घासला. त्याला कोपरा आला. दुसरा घासला. त्यालाही. एरवी ते असतात झाकणाखाली, अंधारात, तापलेले. कोण बघतंय निरखून! तेल लावून पुसला तर आतून निळसर करडा. पुढचा तांबूस. पुढचा पिवळा.

दार लावून घेतलं. निळसर खडा मुठीत धरून कोठीत गेले. चुन्यातल्या एका खळग्यात ठेवला, मोराच्या मानेशी. नाही बसला. दुसऱ्यात ठेवला — बसला! हिरडीत दाढ बसावी तसा.

मग सगळं आठवलं. माझं लग्न झालं त्या आठवड्यात खालाने हे तबून घातलं. खाला माझी सख्खी मावशी, मग सासू. स्वतः माती मळली, स्वतः भाजली, आणि ओच्यात भरभरून खडे आणले. म्हणाली, "माझ्या बहिणीच्या लेकीच्या तबूनला असेतसे खडे नकोत. अख्ख्या गावात कुणाचे नाहीत असे आणलेत." मी नवी नवरी. कुठून आणले, असं विचारतात का? त्यांच्यावर भाजत गेले आणि गावात नाव काढत गेले.

मोर माझ्या तबूनमध्ये आहे! इतकी वर्षं मी मोरावर रोट्या भाजतेय! खालाने माझ्यासाठी अख्खा मोर उचकटला, एकेक खडा! इतकं कुणी कुणासाठी केलंय ह्या गावात? फिद्दासाठी केलं? तिला तर साधं तबूनही घालून दिलं नाही. 'हौरानकडची सून, तिला कुठे आमच्यासारखं भाजता येणार,' म्हणायची.

रडले. मग हसले. मग खडे होते तसे तबूनमध्ये परत रचले आणि वर राख लोटली.

शनिवार, १३ जुलै

सांगायचं नाही. ठरलं.

का सांगू? सांगितलं तर काय होईल ते मला दिसतंय. पोरंपोरी येतील, तबून फोडतील, खडे पेटीत घालतील. मग भिंत पाडून दोन मोर समोरासमोर बसवतील. आणि लोक काय म्हणतील? फिद्दाच्या मोराला जोडी मिळाली! फिद्दाच्या! तिचा मोर सजवायला मी माझं तबून मोडू? माझ्याजवळ दुसरं आहे काय? आकिफ कुवेतला, मुफलिह मदाफ्यात. गावात मला ओळखतात ते ह्या रोटीने. फिद्दाला मोर आहे. मला रोटी तरी असू दे.

दुपारी टोपली भरायला घेतली आणि जागच्या जागी थिजले. रोट्यांवर चौकोनी खळगे! कोठीतल्या चुन्यातले आणि रोटीवरचे — तेच, त्याच मापाचे. दगडांचा डॉक्टर तो! एक अख्खी रोटी हातात आली असती तर त्याला काय लागलं असतं ओळखायला? आणि मी रोज आपल्या हाताने टोपली भरून पाठवत होते!

बरं झालं फिद्दा फाडत होती. तिच्या जळण्याचा एकदा तरी कुणाला उपयोग झाला.

रोट्या बंद.

मंगळवार, १६ जुलै

डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "उम्म आकिफच्या रोट्या का बंद झाल्या? चुकलं का काही आमचं?" आणि फिद्दाने परस्पर सांगून टाकलं, "तिचं मनगट धरलंय. वयच झालं ना."

वय झालं! माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मला म्हातारी ठरवते! आता संध्याकाळी डॉक्टरांनी मनगटाला लावायला मलम पाठवलंय. ते लावून बसावं लागतंय, खोटं पडू नये म्हणून. वास भयंकर आहे.

आणखी एक. डॉक्टर हल्ली म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरतायत — कोठीतले खडे कुठे गेले असतील, कुणी कधी पाहिले का. सकाळी आमच्या दोघींना एकत्र गाठलं. फिद्दा म्हणाली, "शेळ्यांनी खाल्ले असतील, डॉक्टर. आमच्या शेळ्या काय नाही खात! मागे मुख्तारची चप्पल खाल्ली." डॉक्टर पोट धरून हसले, विचारायचं राहूनच गेलं.

ह्या बाईच्या खुळचटपणालाही लोक हसतात. मी काही बोलले की कुणी हसत नाही.

शनिवार, २० जुलै

आज जीव जाता जाता राहिला.

आम्ही बायका तबूनच्या खोपटात होतो. माझी पहिली रोटी आत टाकलेली. बाहेर डॉक्टरांचा आवाज — "काय सुवास सुटलाय! उम्म आकिफ, मनगट बरं झालं वाटतं? तबून कसं पेटवतात ते बघायचं आहे एकदा, येऊ का?" आणि खोकत खोकत अगदी दाराशी!

माझ्या हातून झाकण सुटलं. पण फिद्दा माझ्याआधी उठली. दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. "कुठे येताय, डॉक्टर? बायकांची जागा आहे ही! डोकी उघडी टाकून बसल्यात सगळ्या. आमचे नवरेसुद्धा ह्या दारातून आत आले नाहीत कधी!" डॉक्टर शरमले. माफी मागत, मान खाली घालून गेले. मग ती त्यांच्या मागोमाग गेली, "चला, मी चहा देते" म्हणत.

बघितलंत? ते माझ्या तबूनवर आले होते. माझ्या! दोन शब्द माझ्या रोटीबद्दल बोलले असते. तेवढंही तिला सोसलं नाही. मोर तिचा, वर्तमानपत्र तिचं, डॉक्टरही तिचेच.

आत येऊ द्यायचे नव्हतेच मला. तरी राग आला तो आलाच.

सोमवार, २२ जुलै

ठरलं म्हणे. कोठीतले खळगे पांढऱ्या गिलाव्याने भरून टाकणार. एका बाजूला मोर, एका बाजूला कोरी जागा. बघायला येणाऱ्यांना सांगणार, 'इथे दुसरा होता.' माझी कोठी म्हणजे त्या कोऱ्या जागेची कोठी. फिद्दाच्या मोरासमोरचं काही-नाही!

डॉक्टर फार थकलेले दिसतात. भिंतीजवळ बसून त्या खळग्यांवरून बोट फिरवत होते. मला म्हणाले, "चौदाशे वर्षं समोरासमोर उभे होते दोघं. एकटा किती विचित्र दिसतो बघा." मी मलम लावलेलं मनगट पदराखाली लपवलं.

गुरुवार, २५ जुलै

गोठ्याला लोखंडी दार बसलं. कुलूप. किल्ली मुख्तारकडे. आता फिद्दाला स्वतःचा मोर बघायचा तर मुख्तारला विचारावं लागणार. शेळ्या अंजिराखाली बांधल्यात. पाऊसकाळ आला की त्यांना कुठे नेणार, कुणी विचारलेलं नाही.

ती उंबऱ्यावर बसून होती, गच्चीवरून दिसली. एकटीच. शेळीच्या गळ्यातला दोर सोडत होती, बांधत होती. आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच बरं वाटलं. मग तेवढं बरं वाटेना.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर आणि मंडळी निघणार. शनिवारी दुपारी गिलावा. एकदा तो झाला की संपलं. मग तबून माझं, रोटी माझी, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही.

शुक्रवार, २६ जुलै

शेजारणी गेल्या. फिद्दाचं पीठ उरलं होतं, नेहमीसारखं. झाकण उचलून तिने आत हात धरला. म्हणाली, "खडे निवले." मी म्हटलं, "थांब, जळण घालते थोडं." तिने माझ्याकडे बघितलं. असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

"राहू दे, मला सवय आहे. तुझ्या वेळी ते तापलेले असतात, तुला कुठे बघायला मिळतात! मला निवलेलेच मिळाले, म्हणून सगळे पाठ आहेत. हा तांबूस, कोपरा उडालेला. हा निळा, मानेतला असणार."

मी हातातलं जळण खाली ठेवलं. "तुला कधी कळलं?"

"डोळा निघाला त्याच दिवशी. रोट्या काय मी गंमत म्हणून फाडत होते?" रोटी थापटत राहिली. "एकच तर तबून आहे आपलं."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खालाने माझ्यासाठीही एक घातलं असतं ना, तर हाही मोर राहिला नसता."

उद्या पहिलं पीठ फिद्दाचं. खडे चांगले तापलेले असताना. तिचं झालं की विस्तव ओढायचा, आणि गिलावा कालवायच्या आत डॉक्टरांना हाक मारायची.